घरभर एकच गाण्यांचा संग्रह: जुन्या लॅपटॉपवरून सगळ्या कॉम्प्युटरवर गाणी कशी ऐकायची

आमच्या घरात गाणी चार ठिकाणी होती. बाबांच्या डेस्कटॉपवर शास्त्रीय, माझ्या लॅपटॉपवर भावगीतं आणि नाट्यसंगीत, बहिणीच्या हार्ड डिस्कवर सीडीवरून उतरवलेलं सगळं आणि उरलंसुरलं पेनड्राइव्हांत. कुणाला काही ऐकायचं झालं की आधी विचारायचं, ‘ते कुणाकडे आहे?’ मग पेनड्राइव्ह शोधायचा, कॉपी करायचं, आणि असं करत एकाच यमनच्या पाच-पाच प्रती घरभर पसरायच्या.

आज हा सगळा संग्रह एका जुन्या लॅपटॉपवर आहे. बाबा तो त्यांच्या डेस्कटॉपवर ऐकतात, आई स्वयंपाकघरात फोनवर, मी माझ्या खोलीत. गाणी स्ट्रीमिंगवर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. आकाशवाणीवरून कॅसेटवर घेतलेली मैफल किंवा आईच्या भजनी मंडळाने हरिपाठाच्या दिवशी म्हटलेले अभंग कुठल्याच ॲपवर नाहीत. ते फक्त आपल्याकडे असतात आणि आपण सांभाळले तरच राहतात.

एक गोष्ट आधीच सांगते. गाणी नेटवर्कवर दिसायला लावणं हे तासाभराचं काम आहे. खरा वेळ जातो तो चार ठिकाणचं एक करण्यात आणि नावं सारखी करण्यात. बरेच जण थेट सॉफ्टवेअर टाकतात आणि आठवड्यात कंटाळून सोडून देतात, कारण शोधलेलं सापडत नाही. म्हणून या लेखात त्या भागाला जास्त जागा दिली आहे.

कुठला कॉम्प्युटर घ्यायचा

गाणी वाजवायला ताकद फारशी लागत नाही. चार जीबी रॅमचा सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पुरतो. लॅपटॉपच घ्या असं मी म्हणते, कारण वीज गेली तरी बॅटरीवर तो व्यवस्थित चालू राहतो. डेस्कटॉप मात्र धाडकन बंद पडतो, आणि फाइल लिहिली जात असताना तसं झालं तर ती खराब होऊ शकते. मात्र बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहून घ्या. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला की डुगडुगतो, किंवा टचपॅड एका बाजूने वर उचललेला दिसतो, ही तिची खूण. तशी असेल तर बॅटरी काढून टाका. जो लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला राहणार आहे, त्यात ती ठेवणं धोक्याचं आहे.

विजेचा हिशेबही करून ठेवा. नुसता चालू असलेला लॅपटॉप १५ वॅट घेतो असं धरलं, तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते, आणि पुढे सांगितलेलं मुख्य सॉफ्टवेअर तिथेही चालतं. खालच्या पायऱ्या मी विंडोज धरून लिहिल्या आहेत, कारण बहुतेक घरांत तेच असतं.

जागा किती लागेल? १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिटचं) एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी घेतं, ३२० चं सुमारे २.४ एमबी. सीडीवरचा मूळ आवाज मिनिटाला १० एमबी, आणि तोच फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत ठेवला तर साधारण निम्म्यावर येतो, आवाजात काहीही न गमावता. म्हणजे तासाभराचा ख्याल फ्लॅकमध्ये ३००-३५० एमबी झाला. अशा हजार तासांच्या संगीतालाही ३५० जीबीच्या आसपास जागा लागते, तेव्हा १ टीबीची डिस्क बहुतेक घरांना पुरून उरेल. सीडी किंवा कॅसेट नव्याने उतरवत असाल तर फ्लॅकच करा. आधीपासून एमपी३ असलेलं मात्र फ्लॅकमध्ये बदलू नका. फाइल मोठी होते आणि गेलेला आवाज काही परत येत नाही.

गोळा करताना घाई नको

इथे मी एक चूक केली, ती तुमच्या हातून होऊ नये. चारही ठिकाणची गाणी मी एकाच फोल्डरमध्ये ओतायला घेतली. सीडीवरून उतरवलेल्या फाइलींची नावं बहुतेकदा सारखीच असतात: ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. विंडोजने विचारलं, त्याच नावाच्या फाइली आहेत, बदलू का? मला वाटलं दुहेरी प्रती असतील, आणि मी होकार दिला. त्यात भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण गेलं. ‘ट्रॅक ०१’ उघडलं तर भलतंच नाट्यगीत. आईला सांगायला मला दोन दिवस लागले. सुदैवाने बहिणीने तिची हार्ड डिस्क अजून पुसली नव्हती आणि त्यात एक प्रत सापडली.

म्हणून आता ही पद्धत पाळते. लॅपटॉपवर ‘आवक’ नावाचा फोल्डर करायचा. त्यात प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा फोल्डर: ‘बाबा-डेस्कटॉप’, ‘ताई-डिस्क’, ‘पेनड्राइव्ह-लाल’. जे जिथून आलं ते तिथल्या फोल्डरमध्ये, जसंच्या तसं. हे सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही कॉपी करायचं आणि ती डिस्क कपाटात ठेवून द्यायची. त्यानंतरच नीटनेटकं करायला हात लावायचा. मूळ ठिकाणची गाणी सगळं काम संपेपर्यंत पुसायची नाहीत.

भरपूर गाणी असतील तर पहिली कॉपी वायफायवरून करू नका. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. साध्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवरही सेकंदाला ११ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे १०० जीबीला अडीच तास. नंतर ऐकायला मात्र वायफाय पुष्कळ झालं. फ्लॅकला सेकंदाला एक मेगाबिटही बहुतेक वेळा लागत नाही.

यानंतर दुसरा फोल्डर करा, ‘संगीत’. हाच खरा संग्रह. त्यात कलाकाराच्या नावाचा फोल्डर, त्याच्या आत अल्बमचा आणि त्यात गाणी. ‘आवक’मधून एकेक अल्बम नीट करून इकडे हलवायचा. रोज संध्याकाळी चार-पाच अल्बम केले तरी दोन महिन्यांत मोठा संग्रह मार्गी लागतो.

टॅग: सगळं यावर अवलंबून आहे

गाण्याच्या फाइलीच्या पोटात एक छोटी पाटी असते. गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, क्रमांक, प्रकार हे तिच्यावर लिहिलेलं असतं. तिला टॅग म्हणतात. फाइलीचं नाव तुम्ही कितीही सुरेख ठेवा, संगीताची बहुतेक सॉफ्टवेअरं आधी ही पाटी वाचतात.

विंडोजवर यासाठी एमपी३टॅग हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. फोल्डर उघडायचा, एका अल्बमच्या सगळ्या फाइली एकदम निवडायच्या, डावीकडच्या रकान्यांत अल्बम, कलाकार, वर्ष भरायचं आणि सेव्ह करायचं. पन्नास फाइलींत एका झटक्यात भरलं जातं. क्रमांकांसाठी त्यात आपोआप आकडे घालणारी सोय आहे. आवाज ऐकून गाणं ओळखणारं म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हेही चांगलं आहे, हिंदी चित्रपटगीतांना मला त्याचा उपयोग झाला. जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांना मात्र फारसा नाही. ती हातानेच भरावी लागली.

आता मराठी संग्रहात नेमकं काय अडतं ते सांगते.

कलाकाराचं नाव. आमच्याकडे भीमसेन जोशी पाच रूपांत होते: नुसतं नाव, ‘पं.’ लावून, ‘पंडित’ लावून, ‘भारतरत्न’ लावून आणि इंग्रजी लिपीत. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे पाच वेगळे गायक. त्यात ‘पं.’ लावलेले सगळे गवई ‘प’मध्ये जाऊन बसतात आणि मल्लिकार्जुन मन्सूर ‘म’खाली शोधले तर सापडत नाहीत. मी उपाध्या काढून टाकल्या आणि ‘कॉमेंट’ या रकान्यात ठेवल्या. बाबांना आधी हे रुचलं नाही, पण शोधून पाहिल्यावर पटलं. लिपीही एकच ठेवा. देवनागरी ठरवली असेल तर सगळीकडे देवनागरी.

सारखी दिसणारी पण वेगळी अक्षरं. याने मला एक आख्खी संध्याकाळ छळलं. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एकात ते स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात ‘अ’वर चंद्र दिलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे. ‘कऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतल्या अर्ध्या र चंही तसंच, कीबोर्डाप्रमाणे तो वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो. एकच नाव यादीत दोनदा दिसत असेल आणि फरक कळत नसेल, तर सगळ्या फाइली निवडून ते नाव एकदाच नव्याने भरा. दुसऱ्या फाइलींत ते तिथूनच कॉपी-पेस्ट करा, पुन्हा टाइप करू नका.

अल्बम आर्टिस्ट. हा रकाना लोक रिकामा सोडतात आणि मग अल्बमचे तुकडे होतात. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते पहिल्यांदा प्रसारित झालं तेव्हा त्यातली गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. पुढे सुधीर फडक्यांनी एकट्याने गायलेलं आपण सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या संचाला अडचण नाही, कलाकार एकच. पहिल्यासारख्या संचात प्रत्येक गीताचा ‘आर्टिस्ट’ वेगळा भरायचा आणि ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये सगळ्या फाइलींना एकच नाव द्यायचं, उदाहरणार्थ ‘विविध गायक’. नाट्यसंगीताच्या निवडक गीतांचे संच, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, सगळ्यांना हेच लागू.

क्रमांक. गीतरामायणात ५६ गीतं आहेत आणि ती क्रमानेच ऐकायची आहेत. क्रमांक भरला नाही तर ती अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि कथा उलटीसुलटी होते. फाइलीच्या नावातही ०१, ०२ असे दोन अंकी आकडे ठेवा. नुसता १ लिहिला तर काही प्लेअरांत १ नंतर थेट १० येतो.

राग. टॅगमध्ये रागासाठी वेगळा रकाना नसतो. मी बरेच प्रयोग केले आणि शेवटी राग गाण्याच्या नावातच पहिला ठेवला: ‘यमन – विलंबित’, ‘यमन – द्रुत’. शोधात ‘यमन’ टाकलं की घरातला सगळा यमन एका यादीत येतो, किशोरी आमोणकरांचा, कुमार गंधर्वांचा, कॅसेटवरच्या अनोळखी गवयाचाही. ‘जॉनर’ हा रकाना प्रकारासाठी ठेवला: ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग, भावगीत, लावणी. आठ-दहापेक्षा जास्त प्रकार करू नका.

देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टॅग जुन्या पद्धतीचा आहे. तो पहिला प्रकार प्रत्येक नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा देतो आणि त्यात देवनागरी बसत नाही. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये लिहिण्यासाठी आयडी३ या टॅग-पद्धतीची २.३ आवृत्ती आणि देवनागरी साठवू शकणारं यूटीएफ-१६ निवडलेलं असू द्या.

नेटवर्क: दोन राउटरांचा घोळ

सगळी यंत्रं एकाच नेटवर्कवर हवीत. हे उघड वाटतं, पण बऱ्याच घरांत तसं नसतं. फायबरवाल्याने एक राउटर बसवलेला असतो आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा जोडतो. तो स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून शंका येत नाही, पण एका खोलीतला लॅपटॉप दुसरीतल्याला दिसत नाही.

तपासायचं असं. दोन्ही कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडा आणि आयपीव्ही४ चा पत्ता पाहा. एकावर १९२.१६८.१.२० आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.१५ असेल, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असेल, तर नेटवर्कं दोन आहेत. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ शोधा आणि तो चालू करा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे नेतो. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर असलेला फोनही बहुधा घरातल्या लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही, तेही पाहून घ्या.

मग राउटरमध्ये जाऊन गाण्यांच्या लॅपटॉपला कायमचा पत्ता राखून ठेवा. हे डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अशा काहीशा नावाखाली असतं. नाहीतर कधीतरी राउटर बंद-चालू झाला की लॅपटॉपचा पत्ता बदलेल आणि सगळ्या फोनांवरची गाणी एकाएकी नाहीशी झाल्यासारखी वाटतील.

लॅपटॉपवर नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करा. पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जरवर असताना ‘स्लीप’ कधीच नको आणि झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ असं ठेवा.

पहिली पायरी: साधा शेअर केलेला फोल्डर

आधी गाण्यांच्या लॅपटॉपवर पासवर्डासह एक वेगळा साधा युजर करा, नाव इंग्रजी अक्षरांत. इतर कॉम्प्युटर याच नावाने जोडायचे. तुम्ही लॉगिनला वापरता तो चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. यात बरेच जण अडकतात.

मग ‘संगीत’ फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. नवा युजर निवडा आणि त्याला ‘रीड’ एवढाच हक्क द्या. बदल फक्त लॅपटॉपवर बसूनच करायचा, हा नियम ठेवा. इतरांना लिहायची परवानगी दिली की कुणाच्या तरी हातून फोल्डर ओढला जातोच.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि पुढे लॅपटॉपचा पत्ता टाका, आकडे इंग्रजीत. फोल्डर दिसला की व्हीएलसी या प्लेअरमध्ये गाणी उघडा. बाबांना एवढंच पुरतं. ते फोल्डर उघडतात, हवा तो गवई निवडतात. तुमच्याही घरात दोनच कॉम्प्युटर असतील तर इथे थांबलात तरी हरकत नाही.

दुसरी पायरी: जेलीफिन

फोनवर, टीव्हीवर ऐकायचं असेल, शोध हवा असेल, तर इतर यंत्रांना गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर लागतं. मी जेलीफिन वापरते. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि गाणी घरातल्या घरात राहतात. फक्त संगीतच हवं असेल तर नॅव्हिड्रोम आणखी हलकं आहे, पण नवख्याला जेलीफिनची मांडणी सोपी जाते.

अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजचा इन्स्टॉलर घेऊन टाका. ब्राउझरमध्ये मांडणीचं पान उघडतं. मुख्य खातं तयार करा, मग ‘मीडिया लायब्ररी’ जोडताना प्रकार ‘म्युझिक’ निवडा आणि ‘संगीत’ फोल्डर दाखवा. त्याच खिडकीत इंटरनेटवरून माहिती आणण्याच्या खुणा असतात, त्या मी काढून टाकते. आपण मेहनतीने भरलेल्या टॅगांवर बाहेरून भलत्याच गायकाचा फोटो येऊन चिकटायला नको. राउटरचं पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) आपोआप उघडण्याची सोय दिसली तर तीही बंद ठेवा. फायरवॉलने विचारलं तर ‘प्रायव्हेट’ नेटवर्कसाठी परवानगी द्या.

पहिल्यांदा गाणी वाचायला वेळ लागतो. तेवढ्यात घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं खातं करा. आईच्या आवडीची यादी आणि माझी यादी त्यामुळे वेगळी राहते. या खात्यांना गाणी पुसण्याचा हक्क देऊ नका.

आता दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता, पुढे कोलन आणि ८०९६ टाका. लॉगिन केलं की आख्खा संग्रह समोर. फोनसाठी फिनॅम्प हे ॲप घ्या, ते खास जेलीफिनवरच्या संगीतासाठी आहे आणि गाणी फोनवर उतरवूनही ठेवतं. आईच्या फोनवर मी अभंगांची यादी अशीच उतरवून दिली आहे, पंढरपूरच्या वाटेवर रेंज नसली तरी चालते.

नवा अल्बम घातला आणि दिसला नाही, तर डॅशबोर्डवर जाऊन लायब्ररी पुन्हा स्कॅन करा. सगळीच गाणी गायब झाली असतील तर आधी लॅपटॉप उघडून पाहा. विंडोजने अपडेटसाठी स्वतःला रीस्टार्ट केलेलं असतं आणि साध्या पद्धतीने टाकलेलं जेलीफिन कुणी लॉगिन करेपर्यंत सुरू होत नाही. आमच्याकडे दहातल्या आठ वेळा हेच निघतं.

घराबाहेरून

बहीण परगावी असते, तिलाही ऐकायचं होतं. यासाठी राउटरचं पोर्ट इंटरनेटला उघडू नका, संग्रह आणि लॅपटॉप दोन्ही उघड्यावर येतात. आपली यंत्रं इंटरनेटवरून खाजगीपणे एकमेकांना जोडणारं टेलस्केल हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आणि तिच्या फोनवर टाकलं, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन केलं, आणि तिच्या ॲपमध्ये टेलस्केलने दिलेला लॅपटॉपचा पत्ता भरला. झालं. खातं घरच्यांपुरतंच ठेवा.

कपाटातली डिस्क

शेअर केलेला संग्रह म्हणजे बॅकअप नव्हे. गाणी दहा यंत्रांवर वाजतात, पण प्रत एकच असते. म्हणून ‘संगीत’ फोल्डर दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतो, आणि दुसरी एक डिस्क बहिणीच्या घरी असते. बहीण आली की डिस्क बदलतो. दोन कॉम्प्युटर आपोआप सारखे ठेवणारी सॉफ्टवेअरं असतात, पण त्यांत एका ठिकाणी पुसलेलं दुसरीकडूनही पुसलं जाऊ शकतं, म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

डिस्क नुसती जोडून उपयोग नाही, तिच्यातून काहीतरी वाजवून पाहायला हवं. मी दर वेळी भजनी मंडळाचीच फाइल उघडते. तिचं नाव आता ‘ट्रॅक ०१’ नाही. त्यावर मंडळाचं नाव आहे, तारीख आहे आणि कॉमेंटमध्ये त्या दिवशी म्हणणाऱ्या अकराही जणींची नावं आहेत. ती आईने सांगितली, मी टाइप केली.